न पडलेलं स्वप्न

८ मे

ही वही खरं तर काठांच्या नक्ष्या काढून ठेवायला आणली होती. पण आज डोकं इतकं तापलंय की नक्ष्या गेल्या खड्ड्यात.

मामांनी सकाळी सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं की यंदा थडगं उघडायचं. तोवोच्या, म्हणजे मामांच्या मुलाच्या, बायकोला स्वप्न पडलं. मामी दारात उभ्या होत्या (त्यांना जाऊन सहा वर्षं झाली) आणि म्हणाल्या, "मला थंडी वाजतेय गं." आता सासूनंच असं सांगितल्यावर सुनेची काय बिशाद! तोवो लगेच डुकरं कुणाकडून आणायची आणि वाजंत्री कुठली सांगायची यावर बोलायला लागला.

आत नऊ जण आहेत. नऊ जणांना बाहेर काढायचं, नव्या रेशमात गुंडाळायचं, खांद्यावर घेऊन नाचायचं, घरची खबरबात सांगायची आणि परत निजवायचं. नऊही वस्त्रं मी आणि माझ्याकडच्या दोघी बायका विणणार, कारण मेलेल्यांचं रेशीम माझ्याइतकं दाट या बाजूला कोणी विणत नाही. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

मी विचारलं, "मामा, नऊ की दहा?"

मामांनी टोपी काढली, टोपीच्या आत बघितलं, परत डोक्यावर ठेवली. "नऊ."

दहावी माझी आई. हारिसोआ, मामांची धाकटी बहीण. मी चार वर्षांची असताना वडील गेले, आणि वर्षाच्या आत ती किनाऱ्याकडच्या एका लॉरीवाल्याबरोबर निघून गेली, मला मामींच्या ओटीत टाकून. आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मरताना म्हणाले, "हारिसोआ माझ्या थडग्यात येता कामा नये." एवढंच बोलले आणि गेले. मरणाऱ्याचा शेवटचा शब्द जिवंत माणसानं हलवायचा नसतो. अकरा वर्षांपूर्वी आई तिकडेच गेली. वादळानं रस्ता वाहून गेला होता, मला कळेपर्यंत परक्या गावच्या वाळूत तिला पुरलंही होतं. मागच्या वेळी थडगं उघडलं तेव्हा मी विषय काढला होता. तेव्हाही मामांनी टोपीतच बघितलं.

"ज्यांनी शब्द टाकला त्यांनीच तो उचलायला हवा," आज म्हणाले. "मी कोण?"

घरातले कर्ते तुम्ही, आणि म्हणे मी कोण! दगड आहे नुसता दगड. पुढची खेप सात-आठ वर्षांनी. मामा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, मी सेहेचाळीस. तेव्हा इथं कोण असेल आणि त्या वाळूतल्या बाईची आठवण कोणाला असेल?

११ मे

दिवसभर मागावर. माझ्या हातचं नेसून या डोंगरातली निम्मी म्हातारी माणसं सुखानं झोपलीत आणि माझी स्वतःची आई कुठल्या चादरीत आहे तेही मला माहीत नाही. धागा तीनदा तुटला.

२ जून

हातून मोठं पाप झालंय. लिहून टाकते, सांगायला दुसरं कोणी नाही.

आज घरच्यांची बैठक होती. मला काय झालं कोण जाणे. जेवणाची चर्चा चालू होती, कोणीतरी भातावर चरबी जास्त हवी म्हणालं, आणि मी एकदम बोलून गेले, "माझ्या स्वप्नात आजोबा आले होते."

मामांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्या मुलीला आणा. चुकलं माझं."

कसलं स्वप्न आणि कसले आजोबा! मी रात्रभर घोरत पडले होते. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालायचा, हे आमच्याकडे चोरही करत नाही.

मामांनी मला नीट न्याहाळलं. "काय घातलं होतं त्यांनी?"

"पांढरा लांबा. खांद्यावरून." सगळेच म्हातारे ती लांब शाल तशी घेतात, म्हणून सांगितलं.

"हातात?"

"काठी."

"कुठल्या हातात?"

"उजव्या."

मामा उठले, अंगणात गेले, नाक शिंकरल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाले, "हो. ते बाबाच. हारिसोआला आणायचं."

तोवोनं मला मिठी मारली. त्याची बायको रडायला लागली. आणि मी, आनंद झालेला असूनही, रात्रीचा भात तसाच टाकून उठले.

३ जून

खोटं बोलून आणलेली बाई आत निजेल का शांतपणे? बाकीचे नऊ काय म्हणतील? पण आता कबूल केलं तर मामा पुन्हा 'नऊ' म्हणतील. नाही. तोंडाला कुलूप.

आईचं वस्त्र मी एकटी विणणार. त्या दोघींना हात लावू देणार नाही.

१९ जून

दिवस काढणाऱ्या गुरुजींनी सहा सप्टेंबर दिला. आईला त्याआधी पंधरा-वीस दिवस घेऊन यायचं. गुरुजींनी विचारलं, स्वप्न कोणाला पडलं? मामा म्हणाले, "घरात पडलं." माझं नावही घेतलं नाही. माझं श्रेय मला द्यायलासुद्धा जड जातं या माणसाला! मग आठवलं की श्रेय कसलं.

१५ जुलै

आमच्याकडे ऐन हिवाळा, थंडी कडाक्याची. पाण्यात हात घालवत नाही, रेशीम उकळायचं म्हणजे शिक्षाच.

एक नवल. दरवर्षी या दिवसांत मामा दात दाखवायला किनाऱ्यावर जातात. तामाताव्हला म्हणे कोणी फार चांगला डॉक्टर आहे. दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेतात, आणि दात तर दरवर्षी एक कमीच! मी कितीदा म्हटलं, गावात दात उपटणारा आहे की. यंदा मात्र गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "यंदा दुखत नाहीत."

दुखायला उरलेत किती?

२७ जुलै

मेले मी. आता खरंच मेले.

दुपारी राकेताका आजी मागापाशी येऊन बसली. आजोबांची ही सर्वांत धाकटी बहीण, नव्वदीची, दृष्टी अधू पण जीभ शाबूत. माझं विणकाम हातानं चाचपत म्हणाली, "तुझे हात चांगले आहेत हो. भावाचा माझ्या एक हात फुकट गेलेला."

"कसा?"

"बैलानं तुडवला, लग्नाच्या आधीच. उजवा हात लोंबायचा नुसता. भातसुद्धा डाव्या हातानं खायचा, आम्ही पोरी पाठीमागून नक्कल करायचो. काठी, फावडं, सगळं डाव्या हातात."

मागाचं फळकं माझ्या हातातून पायावर पडलं.

म्हणजे मामांना त्याच क्षणी कळलं होतं. माझं खोटं त्यांनी तिथंच पकडलं आणि तरी म्हणाले, "हो, ते बाबाच." का? मी तास न् तास विचार केला आणि एकच उत्तर सापडलं. सहा सप्टेंबरला, सगळा गोतावळा जमल्यावर, थडग्यासमोर, हे मला उघडं पाडणार. म्हणजे या घरात पुन्हा कोणी मेलेल्यांच्या नावानं खोटं बोलणार नाही. मामा शिस्तीचे आहेत. लहानपणी मी एक अंडं चोरलं तर सगळ्या गावासमोर माफी मागायला लावली होती.

१६ ऑगस्ट, किनाऱ्यावर

तोवो आणि मी काल संध्याकाळी पोचलो. मामा आले नाहीत, गुडघ्यांचं कारण सांगितलं. पण निघताना तोवोच्या हातात कागद दिला, त्यावर नकाशा. पुलानंतर डावीकडे, फणसासारख्या मोठ्या झाडाशी वळायचं, ख्रिस्ती शाळेमागून पायवाट, पाचवी कबर. अगदी बरोबर निघालं सगळं. कोणाकडून इतकी चौकशी करून ठेवली होती कोण जाणे. चला, एवढं तरी केलं.

मला वाटलं होतं, झाडाझुडपांत शोधावं लागेल. कबर बघून मी उभीच राहिले. चुना लावलेला, ताजा नाही पण एखाद्या वर्षाचा. भोवती दगड नीट रचलेले. ईशान्येच्या कोपऱ्यात, आम्ही घरी लावतो तसलं हिरव्या पात्यांचं झाड, आता माझ्या कमरेइतकं वाढलेलं.

शेजारच्या घरातली बाई नारळ सोलत होती. ती म्हणाली, "वर्षातून एकदा एक म्हातारे येतात. तुमच्यासारखंच डोंगराकडचं बोलतात. गवत काढतात, चुना लावतात, मग बसून तिच्याशी भांडतात."

"भांडतात?"

"म्हणजे तसंच वाटतं. हातवारे करतात, मग रडतात, मग माझ्याकडून पाणी मागून पितात आणि जातात. यंदा आले नाहीत. बरे असतील ना?"

डोंगराकडची पुष्कळ माणसं इकडे कामाला येतात. आईच्या ओळखीचा असेल कोणी. देव त्याचं भलं करो! परक्या माणसाला एवढी माया, आणि सख्खा भाऊ दात दाखवायला दरवर्षी इथून दोन तासांवर यायचा, पण वाट वाकडी करून कधी डोकावला नाही. मी हे तोवोला बोलून दाखवलं. तोवो माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलणार होता, मग म्हणाला, "ताई, तू ना, धन्य आहेस."

आईला आज सकाळी वर काढलं. माझ्या रेशमात घेतलं. फार थोडी राहिलीय. मी तिला मांडीवर घेऊन बसले. तिनं मला असं कितीदा घेतलं असेल? मला एकदाचंही आठवत नाही. खूप रडले, रागावले, आणि मग माझंच मला कळलं की राग संपलाय.

१८ ऑगस्ट

आई गाडीच्या टपावर, चटईत, वर झेंडा लावलेला. वाटेत प्रत्येक वळण तिला सांगायचं असतं, नाहीतर माणूस चुकतं. मी खिडकीतून ओरडत होते, "आई, पूल आला! आई, आता घाट!" पोलिसानं गाडी अडवली, वर कोण विचारलं. तोवो म्हणाला, "आत्या." पोलिसानं टोपी काढली आणि जाऊ दिलं.

घरात नेता येत नाही म्हणून थडग्याजवळ मांडव घातलाय, तिथं ठेवलं. मामा काठी टेकत आले. चटईच्या एका टोकावर ऊन येत होतं, ती सावलीत ओढली, आणि तिथंच खाली बसले. मी जेवायला बोलवायला गेले तरी तिथंच. कबरीची व्यवस्था ठेवणाऱ्या त्या भल्या माणसाबद्दल सांगितलं आणि म्हटलं, "त्याचा पत्ता मिळाला तर एक चांगला लांबा विणून पाठवीन."

"कशाला," मामा म्हणाले. "असेल कोणी. जगात रिकामी माणसं पुष्कळ."

दुसऱ्याचं कौतुक म्हणून कधी करायचं नाही!

५ सप्टेंबर

पाहुणे येऊ लागलेत. मोठ्या पातेल्यांत डुकराचं मांस शिजतंय, ट्रंपेटवाले ताल धरून बघताहेत, पोरं किंचाळताहेत. आणि मी चार दिवस धड जेवले नाही.

सकाळी मामांना गोठ्यामागे गाठलं. म्हटलं, उद्या चारचौघांत धिंडवडे निघण्यापेक्षा आज आपणच सांगावं.

"मामा, मला स्वप्न पडलं नव्हतं."

"माहीत आहे."

"उजवा हात..."

"उजवा हात." त्यांना हसू आलं. बोळकं हसणं. "मेल्यावर बरा झाला असेल म्हणून समजूत घातली मी माझी."

"मग हो का म्हणालात?"

ते गोठ्याच्या दगडावर टेकले. म्हणाले, "अकरा वर्षं मी रोज झोपताना वाट बघितली गं. म्हटलं, आज येतील, आज म्हणतील, आण तिला. तुझी मामी सुनेला दिसते, शेजाऱ्यांना त्यांचे दिसतात. माझे बाबा माझ्याकडे एकदा फिरकले नाहीत. आणि तू खोटं बोललीस तेव्हा मला वाटलं, हे माझ्या तोंडून का नाही आलं इतकी वर्षं? मी भित्रा, म्हणून."

मामांना मी भित्रं कधी पाहिलं नव्हतं. "उद्या मला उघडं पाडणार होतात ना?" असं विचारलं. त्यांनी असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

"मग आता? खोटं घेऊन आत जायचं?"

"नाही," मामा म्हणाले. "खोटं घेऊन नाही जायचं."

म्हणजे काय, ते सांगितलं नाही. म्हणजे आई बाहेरच राहणार का? मांडवात आलेय तिच्याजवळ, इथंच बसून लिहितेय. आई, घराच्या अगदी दारापर्यंत तर आलीस.

७ सप्टेंबर

काल वहीला हात लावता आला नाही. आज सगळं सविस्तर.

थडग्याच्या दारावरची माती काढून झाली होती. दोनशे माणसं जमलेली. मामा बोलायला उभे राहिले. आमच्याकडे बोलायला उभा राहणारा माणूस आधी ठपका झटकतो. मी लहान, माझ्याआधी मोठे आहेत, चुकलंमाकलं तर दोष माझ्यावर नको. काही जण अर्धा तास नुसतं झटकत बसतात. मामांनी टोपी काढली, या वेळी आत बघितलं नाही, आणि म्हणाले, "आज ठपका मी झटकत नाही. आज तो माझ्यावरच असू दे."

वाजंत्रीवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली.

मामा दाराकडे तोंड करून बोलत होते. "बाबा, या घरात तुमचं स्वप्न पडलं असं सांगितलं गेलं. ते खोटं. मी जाणून हो म्हटलं, म्हणून ते माझं खोटं. तुम्ही आला नाहीत. मी फार वाट बघितली. तुम्ही रागात एक शब्द टाकलात आणि निघून गेलात, तो एकेचाळीस वर्षं माझ्या छातीवर आहे. आज मी तो खाली ठेवतो. मी आता तुमच्यापेक्षा म्हातारा झालोय बाबा. तुमच्या मुलीला मी आत आणतोय. राग आला तर माझ्यावर काढा, पोरांवर नको, शेतावर नको. मी लवकरच येतोय, समोरासमोर बोलू."

मला राहवलं नाही. मी ओरडले, "खोटं माझं आहे! मी बोलले होते!"

"माझं!" मामा ओरडले.

"माझं, मामा!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी मागून म्हणालं, शब्द मोडायचा म्हणजे काही खेळ आहे का? दोघं-तिघं म्हातारे पाय मागे घेऊ लागले. ते निघून गेले असते तर सगळंच संपलं असतं, कारण साक्षीला गावातली वडीलधारी माणसं नसताना थडगं उघडत नाहीत. तेवढ्यात राकेताका आजी खुर्चीवरून कडाडली, "गप्प बसा दोघंही! माझा भाऊ तापट होता, बहिरा नव्हता. ऐकलं त्यानं. मी त्याची बहीण आहे, मला विचारा. चार दिवसांत राग जायचा त्याचा, पण त्या खेपेला बिचाऱ्याला चार दिवस मिळालेच नाहीत. उघडा दार, ऊन चढलं. मी काय इथं वाळत बसू?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मागे सरकलेले म्हातारे पुढे आले, आणि तोवोनं पहार घातली.

नऊ जण बाहेर आले. मामी आल्या तेव्हा तोवोची बायको नातवंडांची नावं मोठमोठ्यानं सांगत होती, गेल्या वर्षी झालेल्या दोघांसकट. आजोबांना मामांनी आणि मी गुंडाळलं. मी गाठ मारताना दबक्या आवाजात म्हटलं, "आजोबा, उजव्या हाताबद्दल माफ करा."

मग ट्रंपेट वाजले आणि आम्ही आईला उचललं. थडग्याभोवती फेऱ्या सुरू. मी इतकी नाचले की चप्पल कुठं गेली कळलं नाही. मामा गुडघे विसरले. "हळू गं, पाडशील तिला!" म्हणत स्वतःच उड्या मारत होते. आत न्यायची वेळ झाली तेव्हा तोवोनं विचारलं, कुठं ठेवायचं?

"तुझ्या आईशेजारी," मामा म्हणाले. "पोरगी एकीनं जन्माला घातली, वाढवली दुसरीनं. दोघींना बोलायला पुष्कळ असेल."

दार बंद होण्यापूर्वी मामांनी नावं पुकारली. दहा. दहाव्या नावाला आवाज चिरकला, म्हणून त्यांनी परत एकदा म्हटलं, "हारिसोआ." आणि दोनशे माणसांनी ओ दिली.

१२ सप्टेंबर

दुपारी जेवणं झाल्यावर मामांनी बोलावलं. "तुझी ती वही घेऊन ये. माझा शेवटचा शब्द लिहून घे."

"काय होतंय मामा?"

"काही होत नाही. मरताना माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून आत्ताच. पोट भरलेलं असताना." तोवोलाही समोर बसवलं. मी पेन धरून तयार. मामांनी एका उरल्यासुरल्या दातावर जीभ फिरवली, आणि म्हणाले, "लिही. कोणाला थडग्यात घेऊ नका असं मी मरताना म्हणालो, तर ऐकू नका."

मी लिहिलं. "पुढं?"

"पुढं काही नाही."

"आणि बाबा, शेत?" तोवोनं विचारलं. "बैल?"

"त्याचं तुम्ही भांडून घ्या. वाच गं, काय लिहिलंस ते."

मी वाचून दाखवलं. मामांनी मान डोलावली, खुर्ची उचलली, थडग्याच्या बाजूला तोंड करून ठेवली आणि परत बसले.

"पुन्हा वाच," म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं."